तालुक्याएवढा देश

दुपारी जेवताना टीव्हीवर, एका देशावर झालेल्या हल्ल्याबद्दल, जगातल्या देशांची सभा चालू होती. मोठमोठ्या देशांचे प्रतिनिधी 'दोन्ही बाजूंनी संयम पाळावा' एवढंच म्हणून खाली बसत होते. त्यात आपल्या देशाचेही होते. मग एका चिमुकल्या देशाच्या बाई उभ्या राहिल्या. त्या ठामपणे म्हणाल्या, "हे आक्रमण आहे. ज्यांच्यावर ते झालंय, त्यांच्या बाजूने आम्ही आहोत."

माझे मेहुणे हसले. "आपल्या तालुक्याएवढा देश! यांना विचारतो कोण?"

त्यांची मुलगी अनघा त्याच होरपळलेल्या देशात डॉक्टरकी शिकत होती. बॉम्ब पडायला लागल्यावर कशीबशी परतली. तिने ताट बाजूला सारलं. "बाबा, माझी म्हातारी घरमालकीण अजून तिथे तळघरात आहे. तिला विचारते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. घरात घुसून मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला एकाच सुरात संयम शिकवायचा, आणि वर त्यालाच शहाणपण म्हणायचं! ज्यांच्याकडे धड सैन्यही नाही त्यांनी तेवढं खरं बोलायचं.

अनघाने फोन लावून टीव्हीवरच्या बाईंचं बोलणं म्हातारीला तिच्या भाषेत सांगितलं. पलीकडून हुंदका ऐकू आला, मग एक प्रश्न.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"विचारतेय, तुमचा देश काय म्हणाला?"