सारजाच्या उंबऱ्यातली वार

पंचावन्न-छप्पन साल असेल. इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या अलीकडं, एक सरकारी दवाखाना होता. डॉक्टर एक, कंपाउंडर एक, आणि उरलेलं सगळं म्हणजे सारजा. झाडणं तिचं, बाळंतिणींची लुगडी धुणं तिचं, आणि मागल्या अंगाला जे जे न्यायचं तेही तिचंच. पुवाच्या पट्ट्या पिंपात जाळायच्या. फुटक्या बाटल्या, मोडक्या सुया एका खड्ड्यात. बाळंतपणात मुलामागून पडणारी वार दुसऱ्या खड्ड्यात, चांगली कमरेइतकी खोल. वर चुना, माती, बाभळीच्या फांद्या, धोंडे. एवढं करून कुत्री उकरायची ती उकरायचीच. आणि कुत्र्यांना तरी काय बोलायचं? काजळाला बरी म्हणून पेनिसिलिनची बाटली काढायला शहाण्यासुरत्या बायका त्या घाणीत हात घालत. ओरडून ओरडून सारजाचा घसा बसला होता. जमीन सगळी मुरमाड, पहार टणकन उडायची. कंबर पार गेली होती. बाई विटली होती, आणि का विटू नये?

एका उन्हाळ्यात साखरबाई धनगरीण आपल्या सुनेला बैलगाडीतून घेऊन आली. पोर अडलं होतं. सून म्हाळसा निम्मी मेल्यासारखीच होती. डॉक्टरांनी खटपट करून सोडवलं. मुलगा झाला, रडला. पण म्हाळसाचं रक्त थांबता थांबेना. दुपारी कुठं जरा कमी आलं. आठ दिवस जागची हलवू नका, गाडीचा एक गचका बसला तरी बाई हाती लागायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

तेवढ्यात साखरबाईनं वार मागितली. लोणी भापकरला घर बांधलंय, तिथं उंबऱ्यापाशी पुरायची म्हणाली. मागल्या खेपेला कळप फिरतीवर होता, वार वाटेवरच पुरली, कुत्र्यानं उकरली, आणि पाचवीच्या आत पोर गेलं. म्हातारीच्या मनात ते पक्कं बसलं होतं. डॉक्टर नाही म्हणाले. एवढ्या उन्हात एवढा पल्ला, वार कुजणार, माशा घोंगावणार. दवाखान्याची वार दवाखान्याच्याच खड्ड्यात.

म्हातारीनं वाद घातला नाही. मुलाला, म्हस्कूला, बैल जुंपायला सांगितलं आणि सुनेच्या काखेत हात घातला. वार मिळणार नसेल तर सूनही इथं राहणार नाही. म्हाळसा नुसती कण्हली. तिला कोण विचारतंय!

सारजा दारात बादली घेऊन उभी होती. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. गुपचूप देऊन टाकावी वार, असंही तिच्या मनात आलं. पण वास सुटला की ही माणसं ती ओढ्याकाठी फेकतील, हे तिला ठाऊक होतं. आणि नाही दिली तर सून गाडीतच संपेल. अशी एक बाई तिनं मागं पाहिली होती, तिची लुगडी तिनंच धुतली होती. पुन्हा ते नको, असं तिला फार वाटलं.

"उंबराच पायजे ना मावशी?" ती म्हणाली. "माझा हाय की. ह्या भिंतीमागंच माझं खोपटं. तुमच्या डोळ्यादेखत पुरते. पोटच्या पोरागत राखते."

साखरबाईनं सुनेच्या काखेतला हात काढला. सकाळी सारजानं पुढं केलेला पाण्याचा तांब्या तिनं घेतला नव्हता. आता नातवाची वार हिच्या दारात? म्हातारीनं तिला विचारलं,

"त्या उंबऱ्यात तुझी पोरं जगली का?"

सारजाला दोन पोरं झाली होती. दोन्ही देवीच्या साथीत एकामागोमाग गेली, त्याच खोपटात. त्यानंतर त्यांची नावं तिनं तोंडातून काढली नव्हती.

"जगली की," ती म्हणाली. "थोरली झुंबर, तिच्या पाठचा गेनू."

"कुठं असत्यात?"

"झुंबर भिगवणला नांदती. गेनू रेल्वेत लागलाय."

म्हातारीनं सुनेला परत खाटेवर टेकवलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं होतं. खड्डा तेवढाच खोल हवा, चुना कमी पडता कामा नये, एवढंच बोलून ते आत गेले. सारजानं पहार उचलली. अर्धं म्हस्कूनं खणलं. चुना पडला, माती पडली, धोंडा बसला. साखरबाईनं त्यावर हळदकुंकू वाहिलं.

म्हाळसा वाचली. पोरगंही धडधाकट, रात्रंदिवस भोकाड पसरायचं. डॉक्टरांनी सोडलं त्या दिवशी गाडीत बसण्याआधी म्हातारी खोपटाशी आली. या खेपेला तिनं पाणी मागून घेतलं, ओंजळीनं प्याली.

"झुंबरला न् गेनूला सांग," ती म्हणाली, "तुमच्या पाठीवर आनि येक भाऊ झालाय म्हणावं."

सारजानं मान हलवली. गाडी वळली तशी ती आत गेली, दार लोटलं आणि रिकाम्या खोपटात दोघांना नावानं हाक मारून खरंच सांगितलं.