मिस्टर करंट आणि सेकंड शिफ्टची नऊ नावं

श्री. प्रभाकर नाईकवडे यांची आणि माझी पहिली भेट जानेवारी २०२० मध्ये आयर्लंडमधल्या, डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सच्या एका शाळेच्या सभागृहात झाली. निमित्त संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं होतं. माइक-स्पीकरची जबाबदारी दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे होती आणि दरवर्षीप्रमाणे स्पीकरमधून गुणगुण ऐकू येत होती. करड्या स्वेटरातले एक उंच गृहस्थ स्टेजमागे आले, वाकून वायरी पाहू लागले आणि म्हणाले, "पोरी, चहाच्या किटलीचा आणि अँप्लिफायरचा सॉकेट एकच कसा ठेवलास?" मी वायर दुसरीकडे लावली. गुणगुण थांबली. त्यांनी स्वतःची ओळख करून दिली नाही. "जुन्या स्पूलच्या टेप संगणकावर घ्यायचं काही साधन आहे का तुझ्याकडे?" एवढंच विचारलं.

साधन होतं. मी डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉक भागातल्या एका कंपनीत ध्वनीचं सॉफ्टवेअर लिहिते. पुढच्या रविवारी मी मलिंगार गावी त्यांच्या घरी गेले. त्यांची कन्या डॉ. अनघा तिथल्या रुग्णालयात काम करतात. निवृत्तीनंतर काका आणि सुलभाकाकू त्यांच्याकडेच राहायला आले. सर्व मंडळी त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही या लेखात तेच संबोधन ठेवते.

काका मूळचे इचलकरंजीचे. वीज अभियांत्रिकीची पदविका घेऊन सत्तरच्या दशकात ते नायजेरियातल्या लेगोस शहरी एका कापड गिरणीत नोकरीला लागले आणि आठ वर्षं तिथे होते. गिरणीतल्या कामगारांनी एक बँड काढला होता. त्याचं नाव सेकंड शिफ्ट. तो काळ तिथल्या संगीतात फार गजबजलेला होता. हायलाइफ हे तिथलं नाचाचं संगीत, योरुबा लोकांचे ताल आणि अमेरिकेतून आलेली जॅझ-फंकची धाटणी यांतून आफ्रोबीट आकाराला येत होतं. एकेक गाणं दहा-पंधरा मिनिटांचं. एका तालावर गिटार, त्यावर कोंगा ढोल, त्यावर ट्रंपेट-सॅक्सोफोन, आणि गाणारा सावकाश, मनात येईल तेव्हा येणार. गिरणीच्या भागात विजेचा दाब सारखा वरखाली होई आणि बँडचे अँप्लिफायर जळत. काकांनी त्यांना एक स्टॅबिलायझर बांधून दिला. त्याच्या बदल्यात रविवारी दुपारी, सराव चालू असताना, स्टेजजवळ आपला टेपरेकॉर्डर ठेवायची परवानगी मागितली. अशा सात स्पूल त्यांनी भरल्या आणि पुढे चाळीस वर्षं सांभाळल्या.

मार्चमध्ये आयर्लंड बंद झालं. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडू नये असं सांगण्यात आलं. इथे त्याला कोकूनिंग म्हणत. अनघाताई कोविडच्या वॉर्डात होत्या, त्यामुळे त्या मागच्या अंगणातल्या खोलीत वेगळ्या राहत आणि आईवडिलांशी खिडकीतून बोलत. अशा दिवसांत काकांनी टेपरेकॉर्डर दुरुस्त केला. त्याचा पट्टा विरघळून डिंकासारखा झाला होता. टेपांना दमट वास येत होता, म्हणून त्या हॉट प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती कपाट असतं त्यात, टॉवेलांच्या वर ठेवल्या. काकूंनी त्यावरून चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी टॉवेल शेजारच्या खोलीत गेले. मी स्वोर्ड्सहून फोनवर सांगे आणि काका तिकडे बटणं दाबत. असं करत जूनपर्यंत सातही स्पूल संगणकावर आल्या.

काकांच्या कामाची पद्धत मला तेव्हा समजली. प्रत्येक डब्यावर बारीक अक्षरात नोंद होती: माइक कुठे, विजेचा दाब किती, आवाजाची पातळी किती, पंखा चालू की बंद. ऐकताना त्या नोंदींमुळे माझ्या कितीतरी अडचणी सुटल्या. फक्त कोण वाजवतंय, हे एकाही डब्यावर नव्हतं.

माझा सहकारी कॉनर डब्लिनच्या एका आफ्रोबीट बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. आयर्लंडमधल्या तरुण मुलांनी पश्चिम आफ्रिकेचं पन्नास वर्षांपूर्वीचं संगीत वाजवावं आणि त्यावर सभागृहं भरावीत, हे मला आधी विचित्र वाटलं होतं. पण त्या जुन्या रेकॉर्डना जगभर पुन्हा मागणी आली होती. संग्राहक लेगोस आणि घानातल्या आक्राच्या बाजारांत पेट्या उपसत होते, आणि जुन्या रेकॉर्ड पुन्हा छापणाऱ्या कंपन्याही निघाल्या होत्या. कॉनरने आमची एक टेप ऐकली आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून लावली. मग त्याने युरोपातल्या अशाच एका कंपनीला ती पाठवली. कंपनीचं उत्तर दोन दिवसांत आलं. रेकॉर्ड लगेच काढायची होती. कलाकारांच्या जागी 'अज्ञात' छापणार होते.

मी आनंदाने काकांना फोन केला. ते म्हणाले, "नको."

"काका, पण का?"

"अज्ञात म्हणजे कोणाला अज्ञात? मला त्यांच्या चपला आठवतात."

"मग नावं सांगा."

ते म्हणाले, "गिटारवाल्याला टीचर म्हणायचे. एकाला कॅप्टन. गाणाऱ्या बाईंना सगळे सिस्टर म्हणायचे. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, मेधा. मी व्होल्टेज लिहून ठेवलं. माणसांची नावं लिहायची मला गरज वाटली नाही. हे एकदा झालं. पुन्हा नाही करणार."

"त्यांना शोधायला वर्ष जाईल. कंपनी थांबणार नाही."

"नको थांबू दे."

मला राग आला. चार महिन्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या होत्या, आणि आयुष्यात एकदा माझं काम कुठेतरी छापून येणार होतं. मी काहीतरी तोडून बोलले आणि दोन आठवडे फोन केला नाही. कंपनी खरोखरच थांबली नाही, तिने दुसरी कुठली रेकॉर्ड घेतली. मग एक दिवस काकांचाच फोन आला. 'ठीक'ला 'ग्रँड' म्हणणाऱ्या मलिंगारच्या माणसांसारखं त्यांनी विचारलं, "तू ग्रँड आहेस ना?" मी हो म्हटलं. त्या विषयाची चर्चा त्यानंतर आमच्यात झाली नाही. शोध मात्र सुरू झाला.

तो अनघाताईंच्या वॉर्डातून पुढे सरकला. ब्लेसिंग नावाच्या परिचारिका तिथे काम करत, त्या मूळच्या लेगोसच्या. अनघाताईंनी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर एक गाणं लावलं. ब्लेसिंग चमचा खाली ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर, हे माझ्या वडिलांच्या काळचं आहे. तुमच्या फोनवर काय करतंय?" त्यांनी गाण्याचा तुकडा लेगोसला आपल्या आईला पाठवला, आईने चर्चच्या गटात, तिथून तो कुठेकुठे गेला. कित्येकांनी उत्तरं पाठवली, बहुतेक चुकीची. काका प्रत्येकाला आभाराचा निरोप पाठवत. २०२१ च्या फेब्रुवारीत इबादान शहरातून एका म्हाताऱ्या आवाजाचा संदेश आला: "या गाण्यात तिसऱ्या मिनिटाला गिटार चुकते. ती चूक माझी आहे."

ते टीचर होते. त्या रविवारी आम्ही व्हिडिओ कॉल जुळवला. काकांनी टाय लावला होता. पडद्यावर पांढऱ्या टोपीतले एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ दिसले. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि मोठ्याने ओरडले, "मिस्टर करंट!" मग जरा ओशाळून त्यांनी विचारलं, "माफ करा, पण तुमचं खरं नाव काय हो?"

काका इतके हसले की काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या.

टीचरांचं नाव इमॅन्युएल अजायी. त्यांनी नऊ जणांची नावं सांगितली. काकांनी प्रत्येकाचं स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं, कोण कुठल्या खात्यात काम करत होतं तेही लिहिलं. नऊपैकी सहा जण आता हयात नाहीत. सिस्टरही त्यांतल्याच. त्यांचं नाव कंफर्ट एडेट. त्या शिवण खात्यात होत्या, आणि लग्नानंतर त्यांनी गाणं सोडलं.

एप्रिल-मेमध्ये हे सगळं थांबलं ते माझ्यामुळे. नागपुरात माझ्या आईला कोविड झाला आणि मला विमान मिळेना. आईला बेड मिळावा म्हणून अनघाताईंनी आपल्या जुन्या वर्गमित्रांना फोन केले, ते ऋण वेगळंच. काकांनी काय केलं ते मी इथे मुद्दाम लिहिते. रोज चार वाजता ते फोन करत आणि म्हणत, "आज बोलायचं काही नाही. मी इथे डबे पुसतोय. तू फोन नुसता चालू ठेव." तासभर मला कापडाचा आवाज आणि त्यांचं खोकणं ऐकू येई. सतरा दिवसांनी आई घरी आली, तेव्हा फोनवर पहिल्यांदा ते बोलले. आईने काय खाल्लं, ते त्यांनी विचारलं.

जूनमध्ये टीचरांनी कंफर्ट यांच्या मुलीला शोधून काढलं. त्या लेगोसमध्ये राहतात, शाळेत मुख्याध्यापिका आहेत. आई कधीकाळी गात होती हे त्यांच्या कानावर होतं, पण घरात ते कोणी बोलत नसे. मी कॉलवर अकरा मिनिटांचं गाणं लावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि सभ्यपणे म्हणाल्या, "आवाज फार चांगला आहे. पण हा माझ्या आईचा आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही. मी तिला कधी गाताना ऐकलंच नाही."

तेव्हा काका म्हणाले, "मेधा, तू साफ केलेलं नको. मूळ टेप लाव. शेवट."

गाणं संपल्यावर टेप तशीच चालू राहिली होती. खुर्च्या सरकल्याचा आवाज, कोणाचंतरी बोलणं. ते मी नको असलेला आवाज म्हणून कापून टाकलं होतं. आता तेच लावलं. खुर्ची सरकली, एक पुरुष काहीतरी म्हणाला, आणि कंफर्ट हसल्या. मोठ्याने, मध्येच श्वास ओढून घेत.

पडद्यावरच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. "हीच," त्या म्हणाल्या. "हीच माझी आई. पुन्हा लावा."

मी सहा वेळा लावलं. त्यानंतर मी माझ्या कामात काय कापायचं याचे नियम बदलले. कंपनीत त्याचं कारण मी सांगितलेलं नाही.

रेकॉर्ड या नोव्हेंबरात निघाली. कॉनरच्या बँडच्या ओळखीतल्या एका छोट्या डब्लिनकर कंपनीने ती काढली, हयात तिघांच्या आणि बाकी सहा घरांच्या संमतीने. पाठीमागे नऊ नावं आहेत, खात्यांसकट. कंपनीला कव्हरवर काकांचा हेडफोन लावलेला फोटो हवा होता: आयर्लंडमधल्या भारतीय अभियंत्याला सापडलेला खजिना, अशी काहीतरी गोष्ट. काकांनी स्पष्ट नकार दिला. "सापडलं काय त्यात? ते हरवले नव्हते. मी विचारलं नव्हतं." गिरणीच्या दारात उभा असलेला बँड, हा टीचरांकडचा फोटो वर आला. टीचरांनी मात्र एक अट घातली आणि काकांना ती मोडता आली नाही. नऊ नावांच्या खाली एक ओळ आहे: वीज, प्रभाकर नाईकवडे.

काकांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्याविषयी गौरवाचं बरंच लिहिलं जाईल आणि ते योग्यच आहे. मला फार थोडं म्हणायचं आहे. चूक झाली हे कळल्यावर ती दुरुस्त करायला माणूस किती वेळ देतो, हे मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी त्याचा गाजावाजा केला नाही, आणि माझ्यासारख्या रागावलेल्या मदतनिसाला त्याबद्दल कधी ऐकवलंही नाही.

कंफर्ट यांच्या मुलीने काकांना आणि काकूंना लेगोसला घरी जेवायला बोलावलं आहे. काकांचे गुडघे दुखतात, हृदयाची एक तपासणी बाकी आहे आणि विमानांचं अजून काही खरं नाही. अनघाताई उन्हाळ्यापर्यंत थांबा म्हणतात. काकांनी बॅग कपाटावरून खाली काढून ठेवली आहे. त्यांचे गुडघे आणि हृदय विमानाच्या जिन्यांना आणि त्या प्रवासाला पुरून उरोत. ते आणि काकू त्या घरी पोटभर जेवोत, सुखरूप मलिंगारला परत येवोत, आणि पुढची कित्येक वर्षं अशीच आमंत्रणं त्यांना येत राहोत, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा.