खाडीने जपलेले थर

ओहोटीला, खाडीच्या गाळाचा अभ्यास करणाऱ्या माझ्या भाचीने चिखलात लांब नळी खुपसली आणि आतला गाळ फळीवर अलगद उतरवला. खाली जुने थर, वर नवे. खाडी काही विसरत नाही, नुसतं पांघरूण घालत जाते. मला तर आयता रंगमंचच मिळाला. मी नाटकी आवाज लावला, "हा करडा, शिंपल्यांचा थर पणजोबांचा. हा आजोबांचा." मग काळा, तेलकट वासाचा थर आला आणि मी अडखळलो. त्यात निर्माल्याच्या प्लास्टिक पिशवीचा तुकडा होता, गाठीसकट. देवाची फुलं कचऱ्यात टाकणं पाप, म्हणून आम्ही सगळे ती पिशवीत बांधून पुलावरून सोडतो.

शेजारच्या पारूवहिनी माझं सोंग ऐकत, वेचलेल्या तिसऱ्या शिंपल्यांची टोपली घेऊन आल्या. "सुनेला डोहाळे लागलेत यांचे. देऊ ना गं?"

"इथल्या नको, काकू," भाची काळ्या थराकडे बघत म्हणाली. "पोटातल्या बाळाला बाधतील."

वहिनींनी टोपली पाण्यात उपडी केली. मग माझ्याकडे वळल्या. "थांबलात का, भावोजी? तुमचा थर कुठला, तो सांगा की."

मी काळ्या थरावर बोट ठेवलं. त्यांच्या नातवंडाचा थर त्याच्यावरच बसणार होता.