गुलाब कंडक्टरचे चारचौघांतले निरोप

धानोरा–गडचिरोली गाडीवर गुलाब रामटेके कंडक्टर होता, तेव्हाची ही गोष्ट. तिकिटं फाडणं हे त्याचं नोकरीपुरतं काम. खरं काम निरोप पोचवण्याचं. रस्त्यावरच्या निम्म्या गावांना मोबाइलची रेंज म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. गाडी थांबली की बाया दाराशी येत, "गुलाबभाऊ, माह्या बहिणीले सांगजा, बारशाले ये म्हणा." पुढच्या गावी गुलाब पायरीवर उभा राहून तो निरोप अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा ठोकून देई. बहीण घरी नसली तरी बिघडत नसे; ऐकणाऱ्यांतलं कोणी ना कोणी सांगेच. निरोप चारचौघांतच द्यावा, कानात सांगितलेला हरवतो, असं त्याचं पक्कं मत होतं.

आता अशा माणसाच्या हातात कोणी ऑर्कुट, म्हणजे फेसबुकच्या आधीचा तो इंटरनेटवरचा चव्हाटा, द्यावं? पण दिलं, आणि पोटच्या पोरीनंच दिलं. संघप्रिया नर्सिंग शिकायला नागपूरला निघाली, तेव्हा तिनं गडचिरोलीच्या स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बापाचं खातं उघडून दिलं. "बाबा, इथी लिहत जा, मी वाचत जाईन. पण इथचं लिहिलेलं सगळ्याइले दिसते बरं." गुलाबला ही शेवटची गोष्ट फारच आवडली. एवढी सोयीची पायरी त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

मग काय विचारता! गाडी गडचिरोलीला टेकली की साहेब कॅफेत. रस्त्यावरच्या गावांतली शिकायला बाहेर गेलेली सगळी पोरं त्यानं शोधून काढली आणि इंग्रजी अक्षरांत आपली मराठी बडवत एकेकाच्या पानावर निरोप टाकायला सुरुवात केली. भाग्यश्री नावाच्या मुलीला कळवलं, "तुमची म्हैस व्याली. पारडीचं नाव तुह्यंच ठेवलं." रंभाबाई ढिवरीण तळ्यातल्या मासोळ्या विकायला याच गाडीनं जायची. तिचा निकेश इंजिनिअरिंगला. त्याच्या पानावर पडलं, "माय म्हणते का कंबरेखालच्या खाजेले कडुनिंबाचा पाला लावजो. लाजू नको." निकेश नाही लाजला, पण त्याचं सगळं हॉस्टेल पोट धरून हसलं. त्या दिवसापासून कॉलेजात त्याचं नाव 'पाला' पडलं, प्रोफेसरही चुकून तेच म्हणू लागले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांनी एकी केली आणि संघप्रियाला पुढे घातलं. ती घरी आली ती फुगूनच. "बाबा, ते खातं बंद करा. अन् बंद करायच्या आधी लिहिलेलं सारं पुसा. माह्या पानावर रोज 'आई म्हणते, आई म्हणते' लिहता, मैत्रिणी मले तेच म्हणून चिडवतेत. तुमी नाई पुसलं तं मी त्या हॉस्टेलात परत जाणार नाई."

 लेकीला आपली लाज वाटते, हे गुलाबला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. एवढा बोलका माणूस, पण त्या रात्री त्याला भाकरीसुद्धा मागता आली नाही. सकाळी म्हणाला, "पुसतो. आजच पुसतो."

त्या दिवशी त्याच्याच गाडीनं संघप्रिया आणि तिची आई कांता गडचिरोलीच्या बाजाराला निघाल्या होत्या. वाटेत रंभाबाई टोपली घेऊन चढली आणि सवयीनं म्हणाली, "गुलाबभाऊ, आमच्या निकेशले लिहा..."

"आता नाई लिहत, रंभाबाई. दुकान बंद. मागचंही सारं पुसून राह्यलो."

"म्हणजे? मी सांगतलं तेही?"

"तेही."

रंभाबाईनं टोपली दाणकन खाली ठेवली. दोन मासोळ्या उडून पुढच्या सीटखाली गेल्या. "काऊन? बोललो आमी, अन् पुसणारे तुमी कोण? मले लिहता येत नाई म्हणून तुमच्या हातानं लिहलं. हात तुमचा होता भाऊ, बोलणं माह्यं होतं!"

झालं, गाडीत कोर्टच भरलं. मागून एकजण ओरडला, "पारडीचं पुसाल तं याद राखा, म्हैस माही आहे!" ड्रायव्हरनं गाडी हळू केली, कारण त्यालाही मत द्यायचं होतं. शेवटी गडचिरोली यायच्या आत एकमतानं ठरलं, की ज्याचं बोलणं त्याचा हुकूम. रंभाबाईला विचारलं, निदान खाजेचं तरी पुसू का? ती म्हणाली, "एक अक्षर नाई. पोट्टा मोठा साहेब झाला ना, तरी खाजवंनच." यावर संघप्रियासुद्धा तोंडावर ओढणी धरून हसली. मग तिला आठवलं की आपण रागावलेलो आहोत.

बाजार बाजूला ठेवून मायलेकीही गुलाबच्या मागं कॅफेत पोचल्या, तेव्हा कांता म्हणाली, "सगळ्याइले विचारलं, मले कोणी विचारलं? माह्या नावानं पोरीले काय काय लिहलं ते वाचा. मग सांगतो ठेवायचं का पुसायचं."

गुलाब एकदम घाईत आला. "राहू दे ना, गाडी सुटायची आहे." गाडी सुटायला वेळ होता आणि घंटी त्याच्याच हातात होती, म्हणून संघप्रियानं बापाला बाजूला सारून स्वतःच वाचायला घेतलं.

"आई म्हणते, तू गेल्यापासून घर खायले उठते. आई म्हणते, तुह्या खाटेवर कोणाले बसू देत नाई. आई म्हणते, तुह्या आवडीची भाजी केली का घास उतरत नाई."

"थांब व," कांता म्हणाली. "हे मी कधी म्हटलं? मले तं घास चांगला उतरते. खाटेवर तं मीच झोपतो, पंखा तिथीच आहे."

संघप्रियानं मान वळवून बापाकडे पाहिलं. गुलाब छताकडे पाहत होता. सगळ्या रस्त्याचं मन मोकळं करून देणारा हा माणूस. स्वतःच्या मनातलं सांगायची पाळी आली तेव्हा त्याला बायकोचं नाव उसनं घ्यावं लागलं होतं.

"हे तं माह्यंच निघालं," तो कसाबसा म्हणाला. "मग हे पुसता येते. सरक, पुसतो."

त्यानं माउसला हात लावला आणि संघप्रियानं तो हात घट्ट धरला. तिचे डोळे भरले होते, आणि हसूही येत होतं. दोन्ही एकदम आवरणं तिला जमेना.

"पोचलेला निरोप परत घेता येते का बाबा? आता तो माहा आहे. चिडवू द्या त्याइले."

बाहेर ड्रायव्हर हॉर्न बडवू लागला होता. कांता मात्र खुर्ची ओढून ठाण मांडून बसली. "खातं बंद करा बापा खुशाल. पण त्याच्या आधी माहा खरा निरोप लिहा. एवढे दिवस माह्या नावावर खपवलं, आता एक तं माहा पोचवा."

गुलाबनं मुकाट्यानं बोटं पुढे केली. कांतानं सांगितलं आणि त्यानं ते जसंच्या तसं, सगळ्या जगाला दिसेल असं, लेकीच्या पानावर लिहिलं, "आई म्हणते, तुहा बाप लबाड आहे. घास त्याचाच उतरत नाई."