कुकरात भाजलेले हात
आईचं तेरावं झाल्यावर मी माळ्यावरचा सोलर कुकर उघडला आणि शाडूच्या मातीचा वास आला. नव्वदच्या दशकात पेणच्या सरकारी कचेरीतून तो जोहे गावी आमच्या घरी आला, तेव्हा चुलीच्या धुराने खोकणारी आई हरखली होती. श्रावणात चार दिवसांनी ऊन पडलं आणि तिने तांदूळ धुतले, पण मूर्ती घडवणाऱ्या बाबांनी कुकरात गणपतीचे ओले हात मांडले. "भात उद्या कर गो, आधी हे सुकू दे." दुपारी सगळ्या हातांना तडे गेले होते. "देव भाजलात, आता तोच वाढते ताटात!" आई हसली. बाबा हसले नाहीत. अपशकुनी म्हणून त्यांनी कुकर माळ्यावर टाकला. आई पुन्हा चुलीशी बसली. तिचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. आता गावात घरोघरी छपरावर सोलर आहे. मी कुकर पुसून उन्हात ठेवला आणि त्यात तिच्या वाटणीचे तांदूळ घातले.