ओढ्यातून जाणारी गाडी

हे लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो आणि त्याबद्दल माफी मागतो. ज्या मोटरसायकलीबद्दल लिहिणार आहे ती माझी नव्हे. मला ती धड चालवताही येत नाही. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लिहिताना कोणत्या गोष्टी सांगायच्या आणि कोणत्या झाकायच्या याचं वळणही मला नाही. काही जणांना वाईट वाटेल. वाटू दे. मला अजून राग येतो, आणि राग शांत होईपर्यंत थांबलो असतो तर हे कधी लिहून झालंच नसतं.

आमचं गाव घोटीकडून नाशिककडे येताना हायवे सोडून आत आहे. भाताचं गाव. हायवेवरून गाडीवाट निघते, वर गावात शिरते, मारुतीसमोरच्या पारावरून जाते आणि मग खाली आमच्या बौद्धवाड्यात उतरते. दुसरा रस्ता नाही. आमच्या वाड्यातला माणूस सायकलवर असला की पाराच्या अलीकडे उतरायचा, सायकल हातात धरून पुढे जायचा आणि पार मागे पडला की पुन्हा बसायचा. हे कोणी सांगत नसे. कुठे लिहिलेलंही नव्हतं. माझे वडील असेच उतरायचे, चुलते असेच उतरायचे, आणि मी शाळेत जायला लागलो तेव्हा मीही उतरू लागलो. पाय आपोआप खाली यायचा.

माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, अंबडच्या एका कारखान्यात लागला. मी नाशिकला होस्टेलात राहून शिकत होतो. वडील गेल्यानंतर गावात आई आणि दादा, दोघंच. शिफ्टची आणि एसटीची वेळ जमत नसे, म्हणून दादाने एक लहानशी जुनी मोटरसायकल घेतली. ती घरी नेली त्या दिवशी मी मागे बसलो होतो. हायवेवर दादा गाणं म्हणत होता. गाडीवाटेला लागल्यावर गप्प झाला. पार दिसला आणि त्याने इंजिन बंद केलं.

आम्ही दोघं उतरलो. तिथे चढ आहे. दादाने हँडल धरलं, मी मागून लोटू लागलो. पारावर चार-पाच जण बसलेले होते.

"काय रं, पेट्रोल संपलं काय?"

"ढकल, ढकल. शिकल्याली पोरं हायत, जोर कमी पडतोय."

"नवी फटफटी अन् बैलं दोन!"

हसणं सुरू झालं. दादाही हसला. म्हणाला, "हा ना, संपलंच पेट्रोल." टाकी घोटीला भरलेली होती. मी मान खाली घालून लोटत राहिलो. गरम सायलेन्सरला पोटरी लागून भाजली, तरी हू की चू केलं नाही. वाड्यात पोचल्यावर आईने गाडीला हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "चालत का आणलीत?" दादा गाडी पुसायला लागला. तिने पुन्हा विचारलं नाही. तिला माहीत होतंच.

पुढच्या सुट्टीत दादा मला घेऊन भद्रकालीतल्या एका गॅरेजात गेला. तिथल्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणत. मिस्त्री साध्या गाड्या उंच करून द्यायचे, म्हणजे ती गाडी डांबरावरही चालायची आणि चिखलदगडांतही. त्या काळात तशी गाडी दुकानात मिळत नसे. ज्याला हवी असे तो अशी करवून घेई.

आमच्या आधी तिथे एक गाडी उभी होती आणि तिच्याजवळ आमच्याच गावातल्या भाताच्या गिरणीवाल्यांचा मुलगा. तो माझ्याच वर्गात होता. पारावर बसणाऱ्यांत त्याचा चुलता असायचा. कॉलेजात तो मला ओळख देत असे, पण हात वर न करता, नुसती हनुवटी उचलून.

त्याला काय हवं होतं ते तो मोठ्याने सांगत होता. सायलेन्सर मोकळा करा, आवाज पंचवटीपर्यंत गेला पाहिजे. मागची सीट काढा. दिवे काढा, वजन कमी होतं. नंबरप्लेट नको, उड्या मारताना तुटते. रविवारी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी मुलं गाड्या टेकडीवर चढवायची आणि बघायला गर्दी जमायची. त्याला तिथे जायचं होतं.

मग मिस्त्रींनी दादाला विचारलं. दादा अगदी हळू बोलला. गाडी हलकी पाहिजे, चिखलात रुतली तर एकट्याला उचलता यावी. सायलेन्सर वर घ्या, पाणी शिरता कामा नये. पुढचं मडगार्ड उंच, म्हणजे गाळ अडकणार नाही. मागचं स्प्रॉकेट, चेनचं दातेरी चाक, मोठं, म्हणजे दरडीवर दम टाकणार नाही. देवळालीच्या लष्करी लिलावातून आलेले खोल खाचांचे टायर मिस्त्रींकडे होते, ते बसवा. आणि आवाज कमीत कमी.

"अजून?"

"दिवे, हॉर्न, नंबर, सगळं जिथल्या तिथे. कागद एकदम पक्के पाहिजेत. हायवेवर हवालदार पहिली आमची गाडी थांबवतो."

मिस्त्रींनी मागच्या चाकाजवळची जाळी दाखवली. "और ये साडीगार्ड? निकाल देता हूँ. कीचड़ फसेगा."

"ते राहू द्या," दादा म्हणाला. "मागचं पायदानही राहू द्या. आईला कधी घोटीच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर."

आई त्या गाडीवर एकदाही बसली नव्हती. बस म्हटलं की म्हणायची, माझे पाय आहेत ना.

गिरणीवाल्याचा मुलगा ऐकत उभा होता. "काय रे, पाणी कुठलं? तू ओढ्यातून नेणार काय गाडी?"

"हा. हायवेच्या मोरीपासून खाली उतरायचं, ओढ्याने, मग बांधावर चढून वाड्याच्या मागून. जवळ पडतं."

"जवळ?" तो हसला. "चांगला रस्ता सोडून ओढ्यातून जवळ पडतं? रस्ता काय कुणी खाल्ला?"

मिस्त्रीही हसले. त्यांना आमच्या गावाचं काहीच माहीत नव्हतं. दादाही पुन्हा तसाच हसला, पारापुढे हसला होता तसा. ते हसू मला सहन झालं नाही.

मी म्हणालो, "पारापाशी उतरावं लागतं म्हणून."

गॅरेजातला पाना वाजायचा थांबला. आमच्या घराण्यात हे वाक्य आजवर कोणी मोठ्याने म्हटलं नसेल. गिरणीवाल्याच्या मुलाचे कान लाल झाले.

"कोण उतरवतं? मी कधी म्हणालो उतर? सांग ना! माझ्या घरातल्या कोणी म्हटलंय?"

"नाही."

"मग? उगाच गावाची बदनामी करतोस? चार बुकं शिकलास म्हणून?"

मी पुढे बोलणार होतो. दादाने माझा दंड इतक्या जोरात धरला की बोटं उमटली. "गप बस. एकदम गप." मग त्या मुलाकडे वळून म्हणाला, "लहान आहे तो, मनावर घेऊ नका." तो मुलगा माझ्याच वयाचा होता, आणि दादा त्याला अहोजाहो करत होता.

बाहेर आल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. भर रस्त्यात, भाजीवाल्यांसमोर.

"तू भितोस," मी म्हणालो. "दिवे, हॉर्न, कागद सगळं सरकारी नियमाने पाहिजे तुला. मग सरकारी रस्त्यावरून का नाही जात?"

"तू होस्टेलात राहतोस," दादा म्हणाला. "आई तिथं राहते. भाताच्या लावणीला तिला शेतात कोण बोलवतं? गिरणीवालेच ना? उद्या नाही बोलावलं तर तू येणार आहेस का तिच्या चुलीपाशी भाषण द्यायला?"

"म्हणून जन्मभर ओढ्यातून?"

"तू ने मग पारावरून. घे. धर हँडल." त्याने शेजारी उभी असलेली कोणाची तरी गाडी दाखवली. "येते चालवता? नाही ना? मग मला शिकवू नकोस."

तो निघून गेला. मी शालिमारपर्यंत चालत आलो, आणि वाटेत मला जी उत्तरं सुचली ती सगळी फार चांगली होती.

दादा रोज कामावर जाताना होस्टेलवर माझा डबा देत असे. त्या दिवसानंतर तो आला नाही. डबा यायचा, पण आमच्या शेजारचे काका आणायचे. ते त्याच कारखान्यात होते, एसटीने यायचे. फाटकापाशी डबा ठेवायचे आणि "बरं हाय ना?" एवढं विचारून जायचे. मी दादाबद्दल विचारत नसे. तिकडूनही काही निरोप नसे. दिवाळीलाही मी परीक्षेचं कारण सांगून गेलो नाही.

कॉलेजात गिरणीवाल्याच्या मुलाने हनुवटी उचलणं बंद केलं. त्याच्या मित्रांनी मला नवं नाव ठेवलं, 'उतारू'. वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "उतर रे, उतर, पार आला!" एकदा मी वळून एकाची कॉलर धरली. सरांनी मलाच बाहेर काढलं. मी व्हरांड्यात उभा राहून पूर्ण तास त्या सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या देत होतो. त्यातल्या निम्म्या दादालाच होत्या.

गाडी मात्र दादाला हवी तशी झाली होती, हे काकांच्या एखाददुसऱ्या वाक्यातून कळत असे. पूर्ण पावसाळा ती ओढ्यातून गेली. पाणी गुडघ्याला लागलं तरी बंद पडली नाही. बांधावर तिच्या चाकांची वाट पडली. लोक त्या वाटेने चालतही जाऊ लागले. बाया हायवेला जायला तीच वाट धरू लागल्या. मला हे ऐकून आनंद झाला नाही. उलट वाटलं, आता तर कायमचंच झालं. पार त्यांचा आणि ओढा आमचा.

मग थंडीत एकदा काका डबा ठेवून लगेच गेले नाहीत. चप्पल फरशीवर घासत उभे राहिले.

"बांधावर काटं टाकल्याती," ते म्हणाले.

तो बांध गिरणीवाल्यांच्या शेताचा होता. त्यांनी बाभळीच्या फांद्या रचून वाट बंद केली होती. गॅरेजातली गोष्ट त्या मुलाने घरी नेली होती. त्याच्या चुलत्याने म्हणे पारावर सगळ्यांसमोर सांगितलं, फटफटीवाल्याचा भाऊ नाशकात बोंबलत फिरतोय की रस्ता बंद आहे. रस्ता तर उघडाच आहे. येऊ दे की रस्त्याने. ओढ्याची वाट आमची हाय, ती मिळणार नाय.

"मग दादा?"

"एसटीनं येतोय. गाडी दारात झाकून ठेवलीय." काका माझ्याकडे बघत नव्हते. "तुझ्यावर लय भडकलाय. नाव काढू देत नाय."

मी त्या आठवड्यात घरी जायचं ठरवलं आणि गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो? माझं चुकलं असं मला वाटत नव्हतं, आणि आजही वाटत नाही. पण त्याचं बरोबर नव्हतं असं म्हणायलाही जीभ रेटत नव्हती. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असल्या तर माणसाने काय करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

नंतर बरेच दिवस डबा नुसताच येत राहिला.

एका सकाळी काका आले आणि त्यांच्या हातात डबा नव्हता. मी घाबरलो.

"आई बरी आहे ना?"

"बरी हाय. तिनं सयपाक नाय केला, टाइम नव्हता तिला." ते फाटकाच्या दगडावर बसले. "तुझ्या दादानं काल गाडी पारावरनं नेली."

"ढकलत?"

"चालू."

मी त्यांच्या शेजारी बसलो. विचारलं, "आवाज केला फार? हॉर्न वाजवला?"

"नाय रे. तुला माहीत हाय, त्या गाडीला आवाजच नाय. सावकाश आला. बसल्याली मंडळी उठून उभी राह्यली, एक जण रस्त्यात आला. ह्यानं ब्रेक मारला, पाय टेकला, पण खाली उतरला नाय. तसाच बसून राह्यला, इंजिन चालू ठेवून. दिवा त्याच्या तोंडावर. मग तो सरकला."

"कोणी काही बोललं नाही?"

"बोलली की. लय बोलली. आज सकाळी गिरणीवाल्यांचा सांगावा आलाय, त्यांच्या कामाला आपल्या वाड्यातली एक बी बाई यायची नाय."

दादाला ज्याची भीती होती तेच झालं होतं. भांडणात त्याने हेच म्हटलं होतं. मी म्हणालो, "मग त्याने का नेली? आईचं काम जाईल म्हणून तर तो इतके दिवस..."

काकांनी माझ्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"अरे, तिनंच नेली त्याला. कामाचं मी बघते म्हणाली, काढ गाडी. त्या साडीच्या जाळीला पाय लावून मागं तुझी आईच बसली व्हती."