इथे रंग मारू नये

नामदेव बनसोडे गेल्याची बातमी आमच्या सांगली कार्यालयात फॅक्सवर आली. पलूसच्या वार्ताहराने सात ओळी लिहिल्या होत्या. पानात जागा नव्हती, म्हणून मी त्या तीन केल्या. वाहनांचे इलेक्ट्रिशियन, रुग्णालयात नेताना हृदयविकाराने निधन, मागे पत्नी व दोन विवाहित मुली. कापलेल्या मजकुरात एक वाक्य होते : वाटेत रुग्णवाहिका बंद पडल्याने उशीर झाला. माणूस कोण हे मला वाचताक्षणी कळले होते. व्हॅन कोणती, तेही. तरीही ते वाक्य मी कापले, कारण त्याला कुणाचा दुजोरा जोडलेला नव्हता. आज सहा आठवड्यांनी तो दुजोरा माझ्याजवळ आहे.

तीन वर्षांपूर्वी पलूसमधल्या एका मंडळाने जुनी डिझेल व्हॅन घेऊन तिची रुग्णवाहिका केली. लोकार्पण खंडेनवमीला ठेवले. त्या दिवशी आमच्याकडे कोयत्यापासून ट्रकपर्यंत सगळे धुऊन, पुसून पूजेला मांडतात. पूजा बॉनेट उघडून होणार होती. म्हणून मंडळाने व्हॅनला बाहेरून पांढरा आणि इंजिनाभोवती काळा कुळकुळीत रंग दिला. मी वार्तांकनाला होतो. ‘सुसज्ज रुग्णवाहिका सेवेत’ असा मथळा मी दिला. गाडी चालू करून दाखवा, असे मी कुणालाही म्हटले नाही.

दीड महिन्याने दुसऱ्या कामासाठी पलूसला गेलो, तर तीच व्हॅन बनसोडे यांच्या पत्र्याच्या शेडसमोर उभी होती. चार दिवस चालायची, पाचव्या दिवशी स्टार्टर नुसता टकटक करायचा. तोवर दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. साताऱ्याच्या एका मोठ्या गॅरेजात नेऊन डायनामोही नवा बसवला होता. बनसोडे सैन्यात वाहनदुरुस्तीच्या तुकडीत अठरा वर्षे काढून आलेले, बुटके, पांढऱ्या मिशांचे. ड्रायव्हर रघूला ते सांगत होते, “बॅटरी बदलू नका म्हटलं तर तुमी डायनामो बदलला. आता डायनामो न्हवं म्हटलं तर गाडी बदलशीला.” मग माझ्याकडे वळून, “तुमीच लिवलं न्हवं, सुसज्ज म्हणून? बॉनेट उघडं हुतं का झाकल्यालं?”

“उघडं होतं.”

“मग दिसलं न्हाई व्हय.”

हेडलाइटचा जुना बल्ब, त्याला दोन लांब वायरी, टोकांना चिमटे. हे त्यांचे तपासणीचे यंत्र. ते त्याला दिवा म्हणत. बॅटरीला हात लावण्याआधी त्यांनी डायनामोचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. ताण ठीक होता. इंजिन चालू करून दिव्याचा एक चिमटा डायनामोच्या तोंडाला, दुसरा त्याच्याच अंगाला लावला. दिवा लख्ख. म्हणजे डायनामो वीज करत होता. मग इंजिन बंद करून एक चिमटा बॅटरीच्या अधिक टोकाला आणि दुसरा इंजिनाच्या लोखंडाला. दिवा विझत्या निखाऱ्यासारखा झाला. “हितं अडलंय,” ते म्हणाले. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याच्या विणीची पट्टी असते. तिला ‘अर्थिंग’ म्हणतात. वीज त्या वाटेने बॅटरीकडे परतते. रंगारी मनापासून काम करणारा निघाला होता. त्याने पट्टी सोडली, खालची जागा रंगवली, आणि वाळल्या रंगावर पट्टी पुन्हा आवळली. बनसोडे यांनी बोल्ट काढला, कानशीने रुपयाएवढी जागा पांढरी होईपर्यंत घासली, पट्टी बसवली. दिवा पुन्हा लख्ख पेटला. मग त्यांनी शेजारी पिवळ्या ऑइलपेंटने बारीक ब्रशने लिहिले : इथे रंग मारू नये.

पुढच्या खंडेनवमीला त्या अक्षरांवरही काळा रंग मारण्यात आला. पूजेला बनसोडे यांना बोलावणे नव्हते, बिघाड झाल्यावर आले. ते बौद्ध होते, पूजेचे त्यांना काही नव्हते. पण मंडळाच्या चिटणिसांना ते जाऊन भेटले, एवढी एक जागा सोडा म्हणाले. चिटणीस म्हणाले, “बनसोडे, वर्षातनं एक दिवस असतो देवाचा. त्यातबी तुमचं काढताय व्हय?” तुमचं म्हणजे काय, हे कुणी विचारले नाही. बनसोडे यांनी पुन्हा जागा घासली, पुन्हा अक्षरे लिहिली आणि गाडी परत दिली. मला म्हणाले, “छापा की हे.” मी म्हणालो, गाडी चालू आहे, मग यात बातमी काय?

“म्हंजे कायतरी झाल्यावर येणार तुमी.”

मी हसलो होतो...

यंदा खंडेनवमीनंतर सोळाव्या दिवशी, सकाळी साडेदहाला त्यांच्या छातीत कळ आली. पत्नी शांताबाईंनी मंडळात निरोप धाडला. व्हॅन धक्का मारून सुरू केली होती, तशीच दारात आली. सांगलीच्या वाटेवर रेल्वेचे फाटक लागले. डिझेल वाचवायचे म्हणून फाटकात इंजिन बंद करण्याची रघूला सवय. फाटक उघडले तेव्हा स्टार्टर टकटक करू लागला. शांताबाई आत बसल्या होत्या. त्या सांगतात, “त्येंनी डोळं उघडलं. म्हनलं, रघू, रंग खरवड. पट्टीचा. दोनदा म्हनलं.” रघूजवळ पाना होता. त्याने खरवडले नाही. रस्त्यावरची माणसे गोळा केली आणि धक्के मारले. रस्ता तिथे चढाचा होता. व्हॅन सांगलीत पोचली ती पाऊण तास उशिरा. वेळेत पोचले असते तर वाचले असते का, यावर डॉक्टर म्हणाले, सांगता येणार नाही. ते वाक्य मी जसेच्या तसे नोंदवतो. त्यामागे कुणी लपू नये.

खरवडले का नाही, हे मी रघूला विचारले. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, “नवा रंग हुता, सायेब. चिटणीस लय बोलतात.” मला त्याच्यावर ओरडता आले नाही. रंग जपायला त्याला आम्ही सगळ्यांनी शिकवले होते. त्या रंगाचा फोटो मी तीन वर्षे छापला. राग चिटणिसांचा आहे, माझा आहे, आणि खरे सांगायचे तर बनसोडे यांचाही आहे. दर वर्षी मुकाट्याने जागा घासून ते गाडी परत देत राहिले. एकदा तरी किल्ली शेडमध्ये अडकवून त्यांनी चिटणिसांना म्हणायला हवे होते, आता न्या.

गेल्या आठवड्यात शांताबाईंनी तो दिवा आणि कानस माझ्या हातात दिली. “तुमी बघितलंय कसं लावायचं ते,” एवढेच म्हणाल्या. मंडळाच्या आवारात व्हॅन उभी होती. चिटणीस म्हणाले, “आता काळजी नाही. नवी बॅटरी टाकली.” रघूने बॉनेट उघडले. मी एक चिमटा बॅटरीला लावला, दुसरा इंजिनाच्या लोखंडाला. निखारा...

मी बोल्ट काढला आणि कानस चालवली. “अहो, रंग जाईल,” चिटणीस म्हणाले. मी थांबलो नाही. शेजारच्या काळ्या रंगाचा एक पापुद्रा निघाला आणि खालून पिवळे ‘नये’ दिसले. पट्टी बसवल्यावर दिवा लख्ख पेटला. चिटणीस त्याकडे न बघता आत निघून गेले.

दिवा मी घरी आणलेला नाही. ड्रायव्हरच्या सीटमागे एक खिळा ठोकून रघूने तो तिथे टांगला आहे. दर सोमवारी चिमटे लावून बघायचे आणि मला फोन करायचा, असे ठरले आहे. पहिल्या सोमवारी फोन आला. “लख्ख हाय,” रघू म्हणाला. मग त्याने विचारले, “खंडेनवमीला ह्या दिव्याला हार घालायचा का, सायेब?”

नाही, म्हणालो.